थोरला पंप, धाकटा पंप

गाडी बंद पडली ती विट्याच्या अलीकडच्या चढाला. मागं हौद्यात पिंजायचं यंत्र, ते फिरवणारं छोटं डिझेल इंजिन आणि कापसाची गाठोडी. पुढं मी आणि माझी सून. गाडी सून चालवते. गाडीनं दोन आचके दिले, दम लागल्यासारखी हळू झाली आणि गप्प बसली. सुनेनं पुन्हा पुन्हा चावी मारली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन धरत नव्हतं. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून आम्हाला पलूसजवळ आमच्या घरापर्यंत ओढत आणलं. वाटेत ओळखीचे बरेच भेटले. गाद्यावाल्या दोघी दोराला बांधून चालल्यात हे सगळ्यांनी बघितलं.

आम्ही पिंजारी. गावोगाव जाऊन लोकांच्या दारात जुन्या गाद्या उसवतो, कापूस पिंजतो आणि पुन्हा भरून शिवून देतो. नवरा होता तोवर तो गाडी चालवायचा. तो वारल्यावर पोरगा म्हणाला, आता बस झालं. मी म्हटलं, बस कशाला, गाडी दारात आहे, यंत्र चालू आहे. सुनेनं लायसन काढलं आणि आम्ही दोघी हिंडायला लागलो. त्याला चार वर्षं झाली. घरात आम्ही आमची दख्खनी बोलतो, पण मी शिकले ती चौथीपर्यंत आणि मराठी शाळेत, मला लिहिता मराठीच येतं. म्हणून घरातलं बोलणंही इथं मराठीतच लिहिते.

पोराचं पलूसला दुकान आहे. तो तयार फोमच्या गाद्या विकतो. आई कापूस पिंजत हिंडते आणि पोरगा फोम विकतो, यावरून लोक त्याची चेष्टा करतात. त्याला ती लागते. गाडी विकावी आणि आईला दुकानात गल्ल्यावर बसवावं, हे त्यानं कधीपासून मनात धरलं होतं. फक्त निमित्त हवं होतं, ते त्या मंगळवारी मिळालं.

संध्याकाळी मिस्त्री आला. आमच्या सगळ्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेल्या आहेत. त्यानं बॉनेट उघडलं, एक नळी ढिली केली, सुनेला चावी मारायला सांगितली. नळीतून थेंब आला नाही. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "पंप गेला."

"म्हंजे?" पोरानं विचारलं.

"म्हंजे पंप गेला. खोलून सांगलीला पंपरूमला दुरुस्तीला द्याया लागंल. आठ-पंधरा दिस जातील. आनि खर्च आत्ताच इचारू नगा, जेवन जायाचं न्हाई."

मिस्त्री गेला आणि पोरानं तिथंच उभं राहून कराडच्या एका एजंटाला फोन लावला. जुन्या गाड्या घेणारा माणूस. तो रविवारी येतो म्हणाला. मी चुलीपुढं बसून ऐकत होते. मला कुणी काही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी मी हौद्यात चढले आणि मागच्या छोट्या इंजिनाला हँडल मारलं. ते पहिल्या झटक्याला सुरू झालं. मी ते नेमानं चालवते, मला त्याचं अंग न् अंग ठाऊक आहे. गावात वीज धड नव्हती तेव्हा नवऱ्यानं पिंजायच्या यंत्राला विहिरीवरचं जुनं इंजिन आणून जोडलं होतं. तेही मीच चालवायची. दोघांची टाकी डोक्यावर असते. डिझेल आपल्या वजनानं खाली उतरतं, तिथं एक पंप बसलेला असतो, तो ते इंजिनात फवारणाऱ्या नोजलला दाबून देतो. बस. पण गाडीची टाकी खाली, हौद्याच्या बाजूला, आणि इंजिन त्याच्यापेक्षा वर. मग डिझेल वर कोण चढवतं?

सुनेला विचारलं. ती म्हणाली, "फीड पंप असतोय की. मोठ्या पंपाच्या अंगालाच बसवलेला. वर हातानं दाबायचा दांडा असतोय."

"म्हंजे पंप दोन हायत?"

"दोन."

मी मिस्त्रीला फोन लावायला सांगितला.

"मिस्त्री, पंप गेला म्हनालात, तो कुठला? थोरला का धाकटा?"

"आवं चाची, पंप काय सुना हायत व्हय, थोरली-धाकटी म्हनायला?"

"हायत. धाकटा टाकीतनं वर चढवतोय, थोरला नोजलला देतोय. तुमी कुठल्याला हात लावला?"

"डिझेल आलं न्हाई म्हंजे पंप गेला."

"तुमी नळी ढिली केली ती थोरल्याच्या अलीकडली का पलीकडली?"

मग तो म्हणाला, "चाची, मी तीस वर्सं पाने फिरवतोय."

"फिरवा की. मी इचारलं त्याचं सांगा."

त्यानं फोन ठेवला. सून तोंडाला पदर लावून हसत होती. पण नळी कुठली होती ते तिनं बघितलं होतं. अलीकडची. म्हणजे डिझेल थोरल्यापर्यंत पोचतच नव्हतं. ज्याला जेवायलाच वाढलं नाही, त्याला मिस्त्रीनं आजारी ठरवलं होतं.

मी पोराला अंगणात बोलावलं. "गाडी कशापायी इकतोस?"

"पंप गेलाय, अम्मा. ऐकलंस न्हवं?"

"आनि पंप ठीक असला तर?"

"तरी बी इकायची. तुझं वय बघ. लोक मला काय म्हनत्यात ठाव हाय का?"

"लोकांचं सोड. शनिवारी पाटणच्या वरच्या वाडीत लग्नघरच्या सात गाद्या भरायच्या हायत, शब्द दिलाय. गाडी तिथवर आपल्या ताकदीनं पोचली तर रविवारी एजंटाला च्या पाजून लावून दे, आनि परत गाडीचं नाव काढू नगस. न्हाई पोचली तर मी सोता त्याच्या हातात चावी देईन आनि सोमवारपासनं तुझ्या गल्ल्यावर बसेन."

तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच हो म्हणाला की मला राग आला.

आधी थोरला ठीक आहे हे बघायचं होतं. मी छोट्या इंजिनाची टाकी सोडवून घेतली, तिच्यात डिझेल भरलं आणि ती केबिनच्या टपावर दोरानं आवळून बांधली. सून हार्डवेअरच्या दुकानातून आरपार दिसणारी नळी घेऊन आली. नळीचं एक टोक वरच्या टाकीला, दुसरं गाडीच्या फिल्टरला. धाकटा पंप मधून वगळला.

"अम्मा, गाडीला सलाईन लावलंय वाटतंय," सून म्हणाली.

"तू चावीला बस."

डिझेलच्या इंजिनात हवा शिरली की ते चालत नाही, ती आधी काढावी लागते. फिल्टरवरचा छोटा बोल्ट मी ढिला केला. फसफस करत फेस आला, मग फुगे आले, मग नुसतं डिझेल. बोल्ट आवळला. "मार," म्हटलं. एकदा फिरलं. दुसऱ्यांदा धूर आला. तिसऱ्यांदा इंजिनानं धरलं आणि असं धरलं की टपावरची टाकी थरथरायला लागली.

पोरगा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आला.

"थोरला ठीक हाय," मी म्हटलं.

"आनि टपावर टाकी बांधून पाटणला जानार हायस व्हय? पोलीस थांबवून आरती ओवाळतील."

ते त्याचं बरोबर होतं. टाकी उतरवून छोट्या इंजिनाला परत लावली आणि धाकट्याकडं वळलो. त्याच्या डोक्यावरचा दांडा मी हातानं वर-खाली केला. हाताला काहीच लागलं नाही. पोकळ. त्याची ओढायची नळी सोडून सरळ एका कॅनमधल्या डिझेलात बुडवली आणि पुन्हा दांडा मारला. नळीत डिझेल एक वीतभर चढायचं आणि परत खाली जायचं. दम संपलेला पंप. मेलेला हाच होता.

तो काढायला तीन नट आणि दोन नळ्या सोडवाव्या लागतात. माझी बोटं जाड, आत जात नाहीत. सुनेचा हात गेला. पाना कुठं धरायचा ते मी वरून सांगत होते, आणि ती मला "दिसतंय मला" म्हणत होती. नळ्या दिसायला एकसारख्या होत्या, उलट्या बसल्या तर सगळंच मुसळ केरात. म्हणून आम्ही गादी भरताना करतो तेच केलं. वरची बाजू कळावी म्हणून आम्ही गादीच्या कोपऱ्याला रंगीत टाका घालतो. इथं टाकीकडून येणाऱ्या नळीला लाल दोरा बांधला, फिल्टरकडं जाणाऱ्या नळीला पांढरा.

गुरुवारी जुना पंप फडक्यात गुंडाळून मी एसटीनं सांगलीला गेले. स्पेअरपार्टच्या दुकानात गर्दी होती. सगळे गडी. माझी पाळी आली तेव्हा दुकानदारानं माझ्यावरून मागच्या माणसाकडं बघितलं.

"इकडं बघा," मी म्हटलं. "ह्यो फीड पंप पायजे."

"कुनी पाठवलं, मावशी? मिस्त्रीचा नंबर द्या, त्यांच्याशी बोलतो."

"मिस्त्रीला माहीत न्हाई. मला माहीत हाय. द्या."

मागं कुणीतरी हसलं. दुकानदारानं डबा काढून दिला. मी तिथंच उघडला. नटांची तीन भोकं जुन्याशी जुळवून बघितली, जुळली. मग ओढायच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि दांडा खेचला. अंगठ्याला काहीच जाणवलं नाही.

"ह्यो ओढत न्हाई."

"नवा हाय, मावशी. सील तुमीच फोडलं."

"नवा असंल. तुमचा अंगठा लावून बघा."

त्यानं लावला नाही. मागच्या माणसानं लावला. ट्रकवाला होता, मिशा पांढऱ्या झालेला. त्यानं दोनदा खेचून बघितलं आणि डबा काउंटरवर ठेवला. "म्हातारी खरं बोलती. दुसरा द्या."

दुसऱ्यानं माझा अंगठा असा धरला की सोडवताना 'टप्प' असा आवाज आला. तो घेतला. जोडीला पॅकिंग आणि नळ्यांच्या बोल्टच्या तांब्याच्या वायसरी, म्हणजे चकत्या, घेतल्या. जुन्या वायसरी दाबून चपट्या झाल्या की हवा आत घेतात, हे मला विहिरीवरच्या इंजिनानं शिकवलं होतं. ट्रकवाला म्हणाला, "मावशी, कुठं गॅरेज हाय तुमचं?" मी म्हटलं, "गाद्या शिवते." त्याला ते पटलं नाही.

शुक्रवारी पंप बसवला. नट सुनेनं आवळले, तिन्ही थोडे थोडे, फिरून फिरून, एकच आधी पक्का आवळला तर पॅकिंग तिरकं बसतं. लाल दोरा लाल जागी, पांढरा पांढऱ्या. मग मी दांडा मारायला लागले आणि सून फिल्टरचा बोल्ट सांभाळत होती. आधी काहीच नाही. मग हाताला हळूहळू जडपणा यायला लागला. विहिरीत बादली भरली की दोराला कळतं, तसं. फेस आला, फुगे आले, आणि मग स्वच्छ डिझेलाची धार सुनेच्या बांगड्यांवर आली.

चावी मारली. दुसऱ्या फिरकीला इंजिन चालू.

मिस्त्री बातमी ऐकून आला. बॉनेटमध्ये वाकला. तिन्ही नटांना पाना लावून बघितला. एकही हलला नाही.

"वायसरी नव्या घातल्या?"

"घातल्या."

"कुनी बसवला?"

मी सुनेकडं बोट दाखवलं. त्यानं तिला खालून वर बघितलं. "धाकटा होता व्हय," तो म्हणाला. "ऱ्हाऊन गेलं बघायचं." चहा घेतला आणि गेला. तेवढं त्यानं म्हटलं, हेही थोडं नाही.

पोरगा मात्र म्हणाला, "अंगणात चालू झाली म्हंजे पाटणला पोचली असं न्हवं."

शनिवारी सकाळी निघालो. तो मोटारसायकलवर मागून. साक्षीला येतो म्हणाला. कराडपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. मी दोनदा खिडकीतून मागं बघितलं. तो अगदी पाठीमागं होता, तोंड पाडून. मला मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू.

मल्हारपेठ मागं पडलं. पुढं एका चढाला सून दुसऱ्या गिअरला आली आणि गाडीनं आचका दिला. मग दुसरा. मग गप्प.

पोरगा मोटारसायकल स्टँडला लावून आला. दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला.

आम्ही दहा मिनिटं थांबलो. सुनेनं चावी मारली तर गाडी चालू झाली. शंभर पावलं गेली आणि पुन्हा बंद. पोरगा मागून चालत आला, आता त्याच्या हातात फोन होता. "अम्मा, एजंटाला सांगू का, उद्याच्या ऐवजी इथंच ये म्हनून? कराडवरनं जवळ पडंल."

"सांग."

मी बॉनेट उघडून नव्या पंपाचा दांडा मारला. मंगळवारी मेलेला पंप पोकळ होता. हा उलटा. दांडा वर खेचला की खेचून धरल्यासारखा अडायचा, सोडला की सावकाश परत खाली जायचा. मी दोनदा बघितलं. मग सुनेला म्हटलं, "हात लाव. काय कळतंय?"

तिनं खेचून बघितलं. "ओढतोय की, अम्मा. लय जोरात ओढतोय."

"ओढतोय. पर येत न्हाई. पंपात काय न्हाई, वाटंत काय तरी आडवं आलंय."

लाल दोऱ्याची नळी सोडवली. टाकी तिथून खाली, म्हणून डिझेल आपोआप येणार नव्हतं. मी नळी तोंडात धरून टाकीकडं जोरात फुंकलं. आधी अडलं, मग टाकीत काहीतरी सुटल्यासारखं गुडगुडलं. फुंकलं की मोकळं, ओढलं की बंद. म्हणजे टाकीत असं काहीतरी होतं जे पंपानं ओढलं की भोकावर येऊन बसायचं, आणि गाडी थोडी थांबली की सुटून बाजूला जायचं.

टाकी बाजूलाच, तोंड टाकीवरच. मी टाकीजवळ गेले आणि झाकणाला हात घातला, तर हाताला फडकं लागलं.

टाकीचं झाकण मागच्या उन्हाळ्यात कुठंतरी पेट्रोलपंपावर राहिलं होतं. सून म्हणाली होती, नवं आणू. मी म्हटलं होतं, कशाला. आणि कापसाचा चांगला घट्ट बोळा करून, त्याला मांजरपाटाचं फडकं गुंडाळून, तोंडात बसवला होता. आमच्या घरात कशालाही झाकण नसलं की कापसाचा बोळा बसतो. तेलाच्या बाटलीला, पाण्याच्या कॅनला, उंदराच्या बिळाला. पावसाळ्यात एकदा बघितलं तर बोळा जागेवर नव्हता. वाटलं, खड्ड्यात उडाला असेल. मी दुसरा केला, पहिल्यापेक्षा मोठा. तो अजून तिथंच होता.

पहिला कुठं गेला हे मी विचारलंच नव्हतं.

पोरगा फोन कानाला लावून रस्त्याच्या कडेला उभा होता. मी त्याला हाक मारली. "ठेव तो. इकडं ये. तुला सांगायचंय."

"काय?"

"गाडी मी बंद पाडली. टाकीत माझा बोळा हाय. सहा म्हैन्यापासनं धाकटा पंप त्यो बोळा चघळत हुता, म्हनून मेला. मिस्त्री चुकला, पर आधी मी चुकले."

त्यानं टाकीच्या तोंडातला दुसरा बोळा बघितला, मग माझ्याकडं. "म्हंजे तूच?"

"मीच. आता एजंटाला बोलवायचं तर बोलव. पर मोबाईलची बत्ती लाव आधी, मला आत बघायचंय."

त्यानं फोनमध्ये "थांबा जरा" म्हटलं आणि बत्ती लावली. सवयीनं लावली असेल, पण लावली.

डिझेल तळालाच होतं, म्हणून आतलं दिसत होतं. कोपऱ्यात काळं काहीतरी, उंदराएवढं. हात जाईना. काठीनं ढकललं की घसरायचं. मग मी हौद्यातून दाभण काढलं. दाभण म्हणजे आमची गादी शिवायची मोठी सुई, वीतभर लांब. त्याचं अणकुचीदार टोक दगडावर ठेवून पान्यानं ठोकून आकडा केला आणि ते कापूस बडवायच्या काठीला गादीच्या दोऱ्यानं आवळून बांधलं. सून म्हणाली, "दाभण गेलं." मी म्हटलं, "दुसरं हाय."

"डावीकडं घे, अम्मा," पोरगा म्हणाला. तो आता टाकीला डोकं लावून बसला होता. "अजून. खाली. आता वर घे. गेला. थांब, परत आला. आता खुपस."

खुपसलं. काठी हलकेच फिरवली, सूत गुंडाळतात तशी, म्हणजे सुटे धागे काठीला धरतात. आणि ओढलं. तोंडाशी अडलं. पोरानं दोन बोटं घालून धरलं आणि बाहेर काढलं.

फडकं कुजून गेलं होतं, कापूस काळा, डिझेल पिऊन फुगलेला. रस्त्यावर टाकला तर 'थप्प' आवाज झाला. सून आधी हसली. मग पोरगा हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. फोनमधला एजंट "हॅलो, हॅलो" करत होता, त्याचा आवाज आम्हाला तिघांना ऐकू येत होता.

"पंप गेला न्हाई," पोरगा फोनमध्ये म्हणाला. "बोळा हुता." पुढं काय सांगावं ते त्याला सुचलं नाही, त्यानं फोन बंद केला.

सुनेनं नळी जोडली, मी दांडा मारला. आता दांडा मोकळा उठत होता आणि हाताला भरलेपण होतं. फेस, फुगे, धार. टाकीच्या तोंडाला या वेळी प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली. गाडी त्याच चढाला लागली, दुसऱ्या गिअरला, न आचकता वर गेली. पुढं पाटण, पाटणच्या पुढं वाडीचा रस्ता, तो तर नुसता चढच. वाडीत पोचलो तेव्हा लग्नघरची माणसं दारात वाट बघत होती. गाडी मी त्यांच्या अंगणापर्यंत न्यायला लावली, अलीकडं रस्त्यावर थांबवायची गरज नसताना कशाला थांबवायची.

उशीर झाला होता आणि गाद्या सात. सून यंत्रावर, मी भरायला. टाके घालायला हात कमी पडत होते. मी पोराच्या हातात दुसरं दाभण दिलं. फोम विकणारा माणूस कापसाच्या गादीवर मांडी घालून बसला. लहानपणी शिकवलं होतं त्याला, पण हात विसरला होता. पहिल्या ओळीचे टाके वाकडे आले. मी उसवून परत घालायला लावले. दुसऱ्या ओळीला बरे आले. ऊन उतरायच्या आत सातही गाद्या त्यांच्या ओसरीवर एकावर एक चढल्या.

रविवारी एजंट आलाच. शनिवारचं फोनवरचं त्याला काही कळलं नव्हतं. त्यानं गाडीला चक्कर मारली, टायरला लाथ मारली, पोराला म्हणाला, "चालू हुत न्हाई म्हनालात न्हवं?"

पोरगा काही बोलायच्या आत सुनेनं चावी मारली. एका फिरकीला चालू. एजंटानं कान देऊन ऐकलं. त्याला इंजिनातलं कळत होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसलं.

"चांगली हाय की. इकता कशापायी?"

"इकत न्हाई," पोरगा म्हणाला. "च्या घ्या."

त्यानं चहा घेतला, जाताना आपल्या कंबरेचं दुखणं सांगितलं, फोमवर झोपतो म्हणाला. मी म्हटलं, "पत्ता द्या, गाडी घेऊन येते." पोरानं पेन पुढं केलं. एजंटानं दिला पत्ता.

संध्याकाळी पोरानं दुकानातून येताना टाकीचं नवं झाकण आणलं. कुलपाचं, किल्लीवालं. स्वतः बसवलं, दोनदा फिरवून बघितलं. मी हात पुढं केला. त्यानं किल्ली माझ्या हातात दिली नाही, सुनेला दिली.

बरोबर केलं.